ओळ राहू द्या

बरक्याला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
रात्रपाळीला आम्ही तिघं:
खल्फान, मी आणि कुरियाकोसची फाइल.
कुरियाकोस स्वतः मार्चात गेला तिरुवल्ल्याला,
अठरा वर्षं आणि दोन्ही गुडघे इथे ठेवून.

कोणी किती बोलायचं ते ही फाइल ठरवते.
पंप, झडपा, मीटर
दर सेकंदाला काहीबाही पुटपुटत असतात.
सगळंच टिपत बसलं तर
पहाटेपर्यंत डिस्क भरते,
समुद्र आहे तेवढाच राहतो.

नवी लॉगिंग लायब्ररी आली, तिला ही फाइल वाचता येईना.
तिच्या शाळेत पायऱ्या पाच:
डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, फेटल.
कुरियाकोसच्या तीनच.
त्याचं इंग्रजी मी मनात मराठीतच वाचते:
कुजबुज. बोल. ओरड.
आणि एका झडपेपुढे, का कोण जाणे,
दुखलं तरच.

म्हणून हा पार्सर.
मामा तहसील कचेरीत मोडी वाचायचे. म्हणायचे,
आधी रेघ बघ, अक्षरं तिला लटकलेली असतात,
शब्द कुठे तुटतो
ते लिहिणाऱ्याच्या दमावरून ओळखायचं.
कुरियाकोसचा दम कधी चार स्पेस, कधी एक टॅब,
उन्हाळ्यातल्या तारखांना नुसताच चिकटून पळणारा.

एकोणचाळिसाव्या ओळीवर तीन रात्री अडले.
डोळ्यांना सगळं बरोबर.
शेवटी एकेक बाइट सुटा करून पाहिला
तर आत एक खूण, न दिसणारी,
इथून पुढे उजवीकडून वाचा असं सांगणारी,
अरबी कीबोर्डवरून सांडलेली.
'ही माझी असेल, मोहंदिसा,' खल्फान म्हणाला
आणि उगाचच चहा आणायला गेला.
मी पार्सरला शिकवलं:
ही भेटली तर ओलांडून जा. चिडू नकोस.

मग कोरे रकाने.
ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही
त्याने वरच्याचं घ्यायचं.
वरच्यापुढेही कोरं असेल तर त्याच्या वरच्याचं.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
पण विचारायचं शेवटपर्यंत, मुळापर्यंत.
बाबा अकरा वर्षं कुवेतला क्रेन चालवत होते.
घरी कळायचं ते एवढंच, की पगार झाला.
दर शुक्रवारी आई फोनवर विचारते, काय गं, विशेष?
मी म्हणते, काही नाही.
हे फंक्शन चार ओळींत झालं.
पहिल्याच फटक्यात चाललं.

दोनशे बाराव्या ओळीला सुरुवातीलाच हॅश.
हॅश म्हणजे यंत्राने सोडून द्यायचं,
माणसाचं माणसाशी काहीतरी चाललंय.
# नऊ नंबर गेला. ओळ राहू द्या.
खाली, त्याच हॅशमागे,
नऊ नंबरने किती बोलायचं ते: बोल.

खल्फान बॅटरी घेऊन शेडमागे गेला, मी त्याच्यामागे.
सिमेंटचा चौथरा, गंजलेले चार बोल्ट,
त्यावर उलटे घातलेले बूट.
'बूट माझे,' तो म्हणाला. 'पंप सोहारला नेला.
बदली येणार होता.'
'केव्हा?'
त्याने बॅटरी बंद केली.

असल्या ओळी सगळेच पार्सर टाकून देतात.
माझा टाकत नाही.
वाचतो, काही करत नाही,
आणि फाइल पुन्हा लिहिताना
जिथली तिथे ठेवतो, स्पेससकट.
कोणी मागितलं नव्हतं.
मस्कतच्या साहेबांनी विचारलं, हा कोड कशासाठी?
मी दोनशे बारा आकडा कळवला.
त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्या शुक्रवारी आईला नऊ नंबरचं सांगितलं.
पंप म्हणजे काय, कुरियाकोस कोण, सगळं पहिल्यापासून.
ती ऐकत राहिली. मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला.
मग म्हणाली, आता तिथे काय ठेवलंय गं?

काही नाही, मी म्हटलं.
आणि मग म्हटलं,
चार बोल्ट आहेत.
खल्फान त्यावर बूट वाळवतो.